ओटीची खूण

पोरगीच झाली याचं नानांना कधी दुःख नव्हतं. ती शिकूनसवरून माणसांच्या कातडीचा कोंडा मोजायला लागली, याचं मात्र थोडं होतं. घरी कुणी आलं की ते सांगत, "आमची शालू वाऱ्यातून माणसं पकडते." पाहुणे हसत आणि मीही हसत असे. तोवर मी कुणाला पकडलं नव्हतं.

नाना म्हणजे माझे वडील, नाशिकच्या पंचवटीतले तीर्थोपाध्याय. गोदावरीवर कुणी अस्थी घेऊन आलं, श्राद्धाला आलं, की नाना कपाटातून त्या घराची नामावळी काढत. लाल कापडात बांधलेल्या लांबट, जाडजूड वह्या. गावाप्रमाणे, आडनावाप्रमाणे, सात-आठ पिढ्यांची नावं त्यांत होती. रीत अशी, की आलेल्या माणसानं आपलं, बापाचं, आज्याचं नाव आपल्या हातानं लिहायचं. त्यामुळे लोक नुसती नावं विचारायला येत नसत, पणजोबाचं अक्षर बघायला येत. त्या अक्षरावरून बोट फिरवत आणि पुष्कळ जण तिथंच रडत. लहानपणी मला त्याची गंमत वाटे. शेवटी कागदच तर होता.

आता माझ्या कामाविषयी. माणूस मिनिटाला कातडीचे हजारो कण गाळत असतो आणि त्या कणांबरोबर त्याचा डीएनए हवेत उडत असतो. गेल्या सिंहस्थात साथीचे रोग वेळीच कळावेत म्हणून शहरात आणि जिल्ह्यातल्या मोठ्या बाजारांत दिव्यांच्या खांबांवर जाळ्या बसवल्या. जाळी हवा ओढायची, धूळ अडकवायची, आतली चिप त्या धुळीतला डीएनए वाचायची आणि अमुक घाटावर पटकीचे जंतू आहेत असं आम्हाला सांगायची. सिंहस्थ संपला, साधू गेले, जाळ्या तिथंच राहिल्या. जंतूंसारखी माणसंही वाचता येतात हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वाचायची नाहीत असा नियम होता. नियम तेवढा होता, कुलूप नव्हतं.

दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, द्राक्ष प्रदर्शनात स्फोट झाला. सकाळी साडेदहाची वेळ. त्रेसष्ट माणसं गेली. त्यात एका शाळेच्या सहलीतली चौदा मुलं होती. बॉम्ब एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, द्राक्षांच्या खाली ठेवलेला होता.

एकोणीस दिवसांत वंशमाग कायदा आला. जाळ्यांवरचा नियम उठला. संशयिताला आरोपाशिवाय सहा महिने ठेवता येईल, संशयित सापडेना तर त्याच्या सख्ख्यांना ताब्यात घेता येईल, आणि प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र म्हणजे पुरावा. काही वकील कोर्टात गेले, कोर्टानं पुढची तारीख दिली. आमच्या सोसायटीत त्या वकिलांना लोकांनी शिव्या घातल्या. मी त्यातच होते. मेणबत्त्या लावल्या होत्या, पोरांचे फोटो पाहून रडले होते, आणि आपल्या हातात काहीतरी आहे याचा मला, खरं सांगायचं तर, अभिमान वाटत होता.

वंशमाग म्हणजे काय, तेही सांगते. डीएनए वाचला तरी तो कुणाचा हे कळायला त्या माणसाचा नमुना आधी सरकारकडे हवा. तसे नमुने थोड्याच लोकांचे होते. पण रक्त एकट्याचं कधी नसतं. तुमच्या चुलत्याचा नातू कुठं नोंदलेला असला, की तुमच्या डीएनएचे काही तुकडे त्याच्याशी जुळतात, आणि किती जुळतात यावरून नातं किती लांबचं ते सांगता येतं. असे पाच-सहा नातेवाईक सापडले की एकच प्रश्न उरतो. या सगळ्यांना जोडणाऱ्या झाडावर आपला माणूस कुठल्या फांदीवर बसलाय? यंत्राला तुकडे कळतात, झाड कळत नाही. ते त्याला कुणीतरी दाखवावं लागतं.

तपासाचे प्रमुख देवरे साहेब बैठकीत म्हणाले, की आपल्याकडे असली झाडं कागदावर आहेत कुठं. मला कुणी विचारलं नव्हतं. वर्गात उत्तर येणारी पोर हात वर करते तसा मी हात वर केला.

नानांकडे मी आधी गोडीनं मागून पाहिलं. पंचवटीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत. एका खोलीत फक्त लोखंडी कपाटं आणि डांबरगोळ्यांचा वास. मी त्यांना मुलांचे आकडे सांगितले, कायदा सांगितला. शेवटी, त्या महिन्यात सगळं शहर बोलत होतं तेच बोलले, की ज्यानं काही केलं नाही त्यानं भ्यायचं कशाला?

नाना सुपारी कातरत होते. "माणसं पाप लपवतात तेवढंच तुला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मायेनंही पुष्कळ लपवलेलं असतं, शालू. ते ठेवायला लोक माझ्याकडे येतात."

ते देणार नाहीत हे कळल्यावर मी कचेरीत जाऊन आदेशाचा मसुदा लिहिला. 'वंशाविषयीचे सर्व खाजगी अभिलेख' हे शब्द माझे. चौथ्या दिवशी पोलीस जाऊन एकशे बारा नामावळ्या घेऊन आले. मी गेले नाही. नानांनी म्हणे अडवलं नाही. प्रत्येक वहीचं कापड पुन्हा नीट बांधून दिलं आणि हवालदारांना एवढंच म्हणाले, की पानं उलटताना ओलं बोट लावू नका, शाई फुटते.

वह्यांची पानं आम्ही स्कॅन केली. दीडशे वर्षांत त्यांच्यावर हळद-कुंकू, तूप, चहा, डोळ्यांतलं पाणी, सगळं पडलेलं होतं. यंत्राला डागांचा गोंधळ होतो, म्हणून डाग ओळखून पुसणारा एक प्रोग्रॅम मी लिहिला होता. पानं त्यातून अगदी स्वच्छ निघायची.

क्रेटच्या जळक्या मुठीवर सात माणसांचे अंश होते. सहा माणसं आठवड्यात सापडली, त्यांतली चार स्फोटातच गेलेली. सातवा पुरुष होता आणि त्याचा डीएनए जळून तुटका झालेला. हवेतल्या धुळीत त्याला हुडकण्याइतका तो पुरेसा नव्हता, पण नातं लावण्यापुरता होता. यंत्रानं नामावळ्यांच्या झाडांवरून फिरून एका जोडप्यावर बोट ठेवलं. कोळपिंपरीचे विठोबा आणि अनसूया खालकर.

विठोबा वारलेले होते. त्यांना दोन मुलगे, एक मुलगी. तिघांच्या तोंडातला नमुना घेतला. तिघांपैकी कुणीच सातवा नव्हता, पण तिघंही सातव्याची सख्खी भावंडं होती. म्हणजे खालकरांना तिसरा मुलगा होता, आणि गावात, शाळेत, रेशनकार्डावर त्याचा पत्ता नव्हता. देवरे साहेबांना याचा अर्थ एकच दिसला, की हे घर तो मुलगा लपवतंय. दोघे भाऊ, बहीण, त्यांची जाणती मुलं, अशी अकरा माणसं ताब्यात घेतली. द्राक्षं तोडणीला आलेली होती, ती वेलींवरच राहिली.

अनसूयाबाईंना वयामुळे घरीच ठेवलं. चौकशीला तज्ज्ञ म्हणून मीही गेले. म्हातारी ओसरीवर सुपात मटकी निवडत बसली होती. तिसऱ्या मुलाचं विचारल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"दोन पोरं नेली तुम्ही," ती म्हणाली. "आता तिसऱ्याचं मला इचारू नका."

नाही म्हणाली नाही. देवरे साहेब गाडीत म्हणाले, की बघा, कबूलच केलं तिनं. मला एकदम हळद आठवली होती.

मी सहा-सात वर्षांची असताना नामावळीच्या पानावर एक पिवळा ठिपका पाहून नानांना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं होतं, हे मूल पोटचं नव्हे, ओटीतलं. एखाद्या घरी मूल होत नाही, दुसऱ्या घरी तिसरं-चौथं जन्मतं. पाचव्या दिवशी ते गुपचूप त्या बाईच्या ओटीत घालतात. कागद नाही, बभ्रा नाही, आणि मुलाला कधी सांगायचं नाही अशी शपथ. पण तीर्थोपाध्यायाला सांगायचंच. नाहीतर पुढे चुकून सख्ख्या भावकीतच सोयरीक व्हायची. म्हणून नाना हळदीत बोट बुडवून दोन्ही घरांच्या पानांवर ठिपका देत आणि खाली बारीक मोडीत तिथी लिहीत. सोयरिकीचं विचारायला कुणी आलं तर ठिपका बघून 'हे स्थळ नको' म्हणत, कारण सांगत नसत. शपथ त्यांचीही होती. ओंजळीत गंगेचं पाणी घेऊन केलेली.

माझ्या प्रोग्रॅमनं हळदीचे डाग पुसले होते. त्याच्याखालची बारीक मोडी डागाबरोबरच गेली होती.

मूळ, न पुसलेल्या प्रतिमा फक्त मला उघडता येत होत्या. विठोबा खालकरांच्या पानावर ठिपका होता. त्याखाली शक आणि तिथी, फाल्गुन वद्य पंचमी. सगळ्या वह्यांतून तीच तिथी शोधायला यंत्राला पाच मिनिटंही लागली नाहीत. पाटविहीर, केदू निरगुडे, त्यांचा एकुलता मुलगा दिगंबर. पिंपळगावच्या बाजारात द्राक्षांचे क्रेट भाड्यानं द्यायचा आणि परत आले की धुवायचा. वय पस्तीस. मी पान बंद केलं.

आठ दिवस मी गप्प होते. मधल्या रविवारी नानांकडे गेले. रिकाम्या कपाटांची दारं उघडी टाकून ते कपाटं पुसत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ठिपके दिसतात का गं तुमच्या यंत्राला?"

"नाही. डाग म्हणून पुसले जातात."

"मग झालं," ते म्हणाले आणि मला चहा ठेवायला सांगितला. कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी नीट बोलले. यंत्राला दिसत नाहीत, हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवरे साहेबांनी बोलावलं. त्यांची भाची त्या सहलीत होती. तिची पाण्याची बाटली त्यांच्या टेबलावर असे, झाकण वितळलेली. दुसऱ्या स्फोटाची खबर आहे, ते म्हणाले, कुठं ते माहीत नाही. थोरल्या खालकराला साखर आहे, कोठडीत त्याचा पाय चिघळलाय, कापावा लागेल असं डॉक्टर म्हणतात.

"मॅडम, त्या म्हातारीकडून आल्यापासून तुम्ही माझ्याकडे बघून बोलत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला काहीतरी माहीत आहे. मी जबरदस्ती करणार नाही. उद्या आणखी पोरं गेली, तर तुम्ही काय म्हणाल स्वतःला?"

मला राग आला असता तर बरं झालं असतं. पण तो माणूस खोटं बोलत नव्हता. एकीकडे अकरा निरपराध माणसं आणि न जाणो किती मुलं, दुसरीकडे एक माणूस. तो निर्दोष असेल तर सुटेल, मी स्वतःला सांगितलं. डीएनए खोटं बोलत नाही, हे वाक्य मी आयुष्यभर व्याख्यानांत टाळ्या घ्यायला वापरलं होतं.

"नुसती चौकशी होईल ना?" मी विचारलं.

"नुसती चौकशी."

मी नाव सांगितलं.

दिगंबरला दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दात घासताना उचललं. अकरा खालकर संध्याकाळपर्यंत घरी आले. थोरल्याचा पाय वाचला. टीव्हीवर 'सातवा सापडला' म्हणून त्याचा फोटो दिवसभर फिरत होता. मी पंचवटीत गेले तेव्हा नाना पाटावर बसलेले होते, पुढ्यात पळी आणि पंचपात्र, पंचपात्र कोरडं.

"माझ्या ओंजळीतलं पाणी तू सांडलंस," ते म्हणाले. एवढंच. माझ्या हातचा चहा त्यांनी त्या दिवसानंतर घेतला नाही.

आता त्याचा पुरा नमुना हाती आला होता. मुठीवरचा अंश त्याचाच निघाला. असणारच, क्रेटच त्याचे होते. चार हजार क्रेट जिल्हाभर फिरत होते. पण पुरा नमुना मिळाला की जाळ्यांतली जुनी धूळही चाळता येते. तिसऱ्या दिवशी मी ती चाळली. प्रदर्शनाच्या चारही फाटकांवर जाळ्या होत्या. आठवडाभरात दिगंबर निरगुडेचा एक कण तिथं पडलेला नव्हता. तो पिंपळगावच्या बाजारात होता, रोज, पहाटे सहापासून. त्या क्रेटला त्याचा हात लागला होता तो धुताना. डीएनए खोटं बोलत नाही. पण हात कधी लागला आणि कशासाठी, यातलं तो काहीच बोलत नाही.

मी चार पानांचं टिपण लिहून देवरे साहेबांना दिलं. त्यांनी ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि वर पाठवलं. वरून उत्तर आलं, की कलम नऊप्रमाणे जाळ्यांतली माहिती आरोपासाठी वापरता येते, बचावासाठी ती गोपनीय आहे. शत्रूला जाळ्या कुठं आहेत ते कळेल म्हणे. मला गोपनीयतेच्या कागदावर पुन्हा एक सही करायला सांगितली. मी केली.

त्याची वकीलबाई दर मंगळवारी आमच्या फाटकाबाहेर उभी असायची, हातात अर्ज घेऊन. माझ्या टिपणाची चारच पानं होती. तिच्यासमोर काच खाली करायची आणि द्यायची. पाच मंगळवार मी तिच्याजवळून गाडीनं गेले. दर वेळी मनात म्हणायचे, टिपण वर गेलंय, काहीतरी होईलच. भित्र्या माणसाला सरकारी टपालाचा फार आधार असतो.

त्रेचाळिसाव्या दिवशी दिगंबर कोठडीतच वारला. हृदय बंद पडलं असं सांगितलं. देह घरी दिला नाही, अस्थीही दिल्या नाहीत. खालकरांच्या घरून कुणी पाटविहिरीला गेलं नाही. अनसूयाबाई निघाली होती, मुलांनी तिला अंगणातून परत आणली, असं नंतर कानावर आलं.

पावसाळा सरताना दुसऱ्या राज्यात चार जण पकडले गेले. त्यांनी क्रेट बाजारातून उचलला होता, चोरून. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते लहानपणी गोष्टीत ऐकलं होतं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन परिच्छेद आले. कायदा मागे घेण्याचं कुणी बोललं नाही. उलट जाळ्या वाढल्या, कारण त्या चौघांना पकडायला जाळ्याच उपयोगी पडल्या होत्या. तेही खरंच होतं.

सर्वपित्रीच्या आठ दिवस आधी मी नानांकडे होते. दारात एक बाई आली. साठीच्या आसपासची, कोरं कपाळ, हातात काही नाही. निरगुड्यांची मंदाबाई, असं तिनं सांगितलं. दिगंबरची आई.

अस्थी नव्हत्या, म्हणून विधी करायचा नव्हता. तिला फक्त नामावळी बघायची होती. केदू वारले तेव्हा दिगंबर चौदा वर्षांचा होता. इथं बसून त्यानं आपल्या हातानं नाव लिहिलं होतं. नाना म्हणाले, आठवतं मला. ती खाली बसली आणि हळूहळू सगळं सांगितलं. कोठडीत एकदाच भेट मिळाली होती, दहा मिनिटं, काचेच्या पलीकडून, फोनवर. पोलिसांनी त्याला चौकशीत सांगून टाकलं होतं, की तू निरगुड्यांचा नाहीस. तो स्फोटाचं काही बोललाच नाही. आई, मी कुणाचा, एवढंच विचारत राहिला.

"मी रडत व्हते. मला बोलायचं सुधरंना. माझं त्वांड उघडेपर्यंत त्यान्ला टाइम झाला," ती म्हणाली. "गुरुजी, त्यानं सोताच्या हातानं लिव्हलंय ना, कुणाचा त्ये? मला त्येवढं एक डाव दावा."

नानांनी तिला अमावस्येला यायला सांगितलं. ती जिना उतरून गेल्यावर मी म्हणाले, की मी तिला सांगते. मीच नाव दिलं, हे तिला कळायला हवं.

"नको," नाना म्हणाले. "तुझं मन हलकं होईल. तिनं ते ओझं कुठं ठेवायचं?" मग म्हणाले, "वही तू नेलीस. तू आण."

मी गेले. वह्या दुसऱ्या शहरातल्या गोदामात सीलबंद होत्या. परतीचा अर्ज केला, उत्तर आलं नाही. मूळ प्रतिमा दिगंबरचं प्रकरण मिटल्यावर नियमानं नष्ट केल्या होत्या. उरली होती ती माझ्या प्रोग्रॅममधून निघालेली स्वच्छ पानं, तीही आमच्या खोलीतल्या पडद्यावर. छापायची सोय नाही, फोन आत न्यायचा नाही. मी रोज जेवणाच्या सुट्टीत ते पान उघडून बसायची. 'दिगंबर केदू निरगुडे, मुक्काम पाटविहीर. वडील कै. केदू सखाराम. आई मंदाबाई.' ग मोठा, द ची शेपटी लांब, मंदाबाईतला बा जरा वर चढलेला. सात दिवसांत मला ते अक्षर पाठ झालं.

अमावस्येच्या सकाळी नानांच्या माळ्यावरून एक जुनी, अर्धी कोरी नामावळी काढली आणि कोऱ्या पानावर त्याच्या अक्षरात त्याच्या ओळी लिहिल्या. आधीची-नंतरची दोन नावंही लिहिली, म्हणजे पान भरल्यासारखं दिसेल. नाना समोर बसून बघत होते. त्यांनी दौत तेवढी माझ्याकडे सरकवली.

मंदाबाई दहा वाजता आली. नानांनी वही लाल कापडातून सोडली, तिच्यापुढे पाटावर ठेवली, पान काढून दिलं. तिला वाचायला वेळ लागत होता. एकेक अक्षर ती ओठांनी वाचत होती. 'आई मंदाबाई' इथं आली आणि थांबली. तिनं बोट ठेवलं. मला वाटलं, आता रडेल, आणि खरं सांगते, मला तिनं रडायला हवं होतं.

ती रडली नाही. बराच वेळ पान बघत राहिली आणि मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही.

"ताई, त्यो डावखुरा व्हता," ती म्हणाली. "लिव्हताना हात मागून यायचा आन् सगळं पुसत जायचा. त्या दिशी समदी वळ फासाटली व्हती. घरी जाईस्तोवर हाताची कड निळी. मी वराडले व्हते त्याच्यावर, गुरुजीची वही खराब केली म्हनून."

ती निळी फासाटी माझ्या प्रोग्रॅमला डाग वाटली होती. हळद परत मिळवायला मी मूळ पानं खणून काढली होती. हा डाग तिथं असेल हे मला सुचलंही नव्हतं. नाना खाली मान घालून बसले होते. वीस वर्षांपूर्वी पोराचा हात त्यांनी पाहिला असणार. त्यांना माहीत होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

"असू दे," मंदाबाई म्हणाली. "कष्ट घेतले तुमी."

मग तिनं पंचपात्रातल्या पाण्यात डावा हात बुडवला, त्याची कड त्या ओळीवर टेकवली आणि डावीकडून उजवीकडे सावकाश ओढत नेली. शाई फुटली. माझं सगळं घोटलेलं अक्षर निळ्या पट्ट्यात गेलं. 'आई मंदाबाई' एवढं अर्धवट वाचता येत होतं.

"आता वाटतंय जरा त्याचं," ती म्हणाली.

ती उठली, नानांना वाकून नमस्कार केला आणि निघाली. मी तिच्यामागून खालपर्यंत गेले. जिन्याच्या तळाशी नळ आहे, घाटावरून येणारी माणसं तिथं हातपाय धुतात. तिनं नळाकडे पाहिलं, निळा हात पदरात घेतला आणि तशीच बसथांब्याकडे चालत गेली.